आधी कॅसेट, मग भांडण

पत्र: आम्ही कोल्हापूरचे सहा मित्र. १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची कॉन्सर्ट झाली, तिला आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो होतो. आमच्यातले दोघं आदल्या वर्षी, मार्च २००७मध्ये, बेंगळुरूलाही जाऊन आले होते. हँडीकॅम चालवणारा मित्र तीन वर्षांपूर्वी गेला. वहिनींनी परवा त्याची एक पिशवी आमच्या हवाली केली. तीत तीन मिनीडीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल) कॅसेट आहेत. एक बरी दिसते, एकीवर पांढरे ठिपके आहेत आणि एक २०१९च्या पुरात भिजली होती. शिवाय फोटोंची सीडी, एक बंद फोन, चार तिकिटं (अक्षरं पुसट) आणि त्याचा मेडनचा काळा टी-शर्ट. २०२८मध्ये वीस वर्षं होतील, तेव्हा वहिनींना आणि मुलांना बोलावून एक संध्याकाळ करायची आहे. पण आम्ही बसलो की त्या रात्री कुठली गाणी झाली यावरूनच जुंपते. एक जण तर शपथेवर सांगतो की सुरुवात 'डिफरंट वर्ल्ड'नं झाली. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: प्रश्न तुम्ही बरेच विचारलेत, घाई मात्र एकाच गोष्टीची आहे. तिकीट आणखी दहा वर्षं कपाटात निघेल. गाण्यांची यादी कुठं पळून जात नाही. भांडण तर इतकी वर्षं टिकलंयच. कॅसेटला मात्र बुरशी लागलीय आणि ती वाचणारे कॅमेरे दरवर्षी भंगारात जाताहेत. म्हणून आधी कॅसेट.

आज संध्याकाळी एवढंच करा. कॅसेटच्या मागच्या कडेला नखानं सरकणारी एक बारकी पट्टी असते. तिच्या एका टोकाला 'रेक' आणि दुसऱ्या टोकाला 'सेव्ह' असं लिहिलेलं असतं. तिन्ही कॅसेटच्या पट्ट्या 'सेव्ह'कडे सरकवा. यानंतर कुणी चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही रेकॉर्ड होणार नाही. घाईघाईनं "चालतीय का बघू" म्हणून कॅसेट घालून, भलतंच बटण दाबून, पहिली दहा मिनिटं पुसल्याचे प्रकार होतात. आणि तुमच्या बाबतीत ती पहिली दहा मिनिटं कॉन्सर्टची नसतीलही. घरातला हँडीकॅम म्हणजे आधी मुलाचा वाढदिवस, मग जोतिबा, मग मेडन, मग पुन्हा कुणाचं तरी बारसं. कॅसेटवर जे जे आहे ते सगळं वहिनींचं आहे, मेडनचा भाग तेवढा तुमचा. कॉपी करताना अख्खी कॅसेट करा, 'आपल्या कामाचं' तेवढंच नको.

आता तिन्ही कॅसेट टॉर्चच्या उजेडात बघा. खिडकीतून गुंडाळलेल्या फितीची कड दिसते. निरोगी फितीची कड काळी, गुळगुळीत आणि आरशासारखी सपाट असते. काही पदर वर-खाली आलेले दिसले तर ती बुरशी नव्हे, गुंडाळी सैल झालीय. अशी कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि एकदा पूर्ण रिवाइंड केली की ताण सारखा होतो. एरवी धडधाकट दिसणाऱ्या कॅसेटलाही इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चालवण्याआधी हा फेरा द्यावा. पांढरी भुकटी, राखाडी धागे किंवा कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर ती बुरशी. ठिपक्यांची कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, एकदाही नाही. बुरशीचे कण कॅमेऱ्याच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसतात, चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटायला लागतं आणि तोच कचरा पुढच्या चांगल्या कॅसेटवर उतरतो. एका आजारी कॅसेटपायी तिन्ही जातील.

ही कॅसेट झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत बंद करून बाकीच्यांपासून लांब ठेवा. कोरड्या हवेत बुरशी मरत नाही, पण निपचित पडते आणि सुकल्यावर साफ करायला सोपी जाते. साफ करायचं काम व्यावसायिकाकडेच द्या. घरात ब्रशनं झटकलीत तर ते कण तुमच्याच छातीत जातील. हाताळताना मास्क लावा. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्याला सरळ विचारा, "बुरशी काढायला वेगळं यंत्र आहे का, की कॅसेट वाजवायच्या नेहमीच्याच डेकमध्ये घालणार?" दुसरं उत्तर आलं तर कॅसेट परत घ्या.

पुरात भिजलेल्या कॅसेटबद्दल फार आशा धरू नका. ऑगस्ट २०१९चं पंचगंगेचं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. गाळ, डिझेल, मैला सगळं त्यात होतं. मिनीडीव्हीची फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावरचा धातूचा थर इतका पातळ की ओलीनं तो गंजतो. पाणी वाळलं तेव्हा गाळ पदरांमध्ये अडकून बसला आणि पदर एकमेकांना चिकटले. अशी फीत फिरवली की गाळ सँडपेपरचं काम करतो. चाक हातानं फिरवूनही बघू नका. कवच उघडून, फीत धुऊन, नव्या कवचात बसवून देणारी प्रयोगशाळा मिळाली तर प्रयत्न करा, पण काम न झाल्यास मूळ कॅसेट परत मिळेल हे लेखी घ्या. पुढच्या पुराची तयारी म्हणून एक गोष्ट शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. घाण पाण्यात भिजलेली टेप उन्हात वाळवायची नसते, हेअर ड्रायरही लावायचा नसतो. स्वच्छ पाण्यात अलगद धुऊन, ओलसर असतानाच पिशवीत घालून, थंड जागी ठेवून लवकरात लवकर जाणकाराकडे पोचवायची. घाणीसकट वाळली की संपलं.

राहिली बरी दिसणारी कॅसेट. तिच्यासाठी कॅमेरा हवा, आणि पत्रात कॅमेऱ्याचा पत्ता नाही. वहिनींना विचारा, माळ्यावर बघा, चार्जरसकट शोधा. तोच कॅमेरा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण ज्या हेडनं लिहिलं तेच हेड ते सगळ्यात नीट वाचतं. त्यातून त्यानं फीत वाचवायला एलपी मोड लावला असेल, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं, तर चित्राच्या रेघा फितीवर आणखी बारीक पडतात (१० मायक्रॉनऐवजी साधारण ६.७) आणि दुसरा कॅमेरा त्यांच्यावरून घसरतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या मंडळींकडे मिनीडीव्हीचे मोठे कॅमेरे अजून पडून आहेत, त्यांच्याकडे जरूर चौकशी करा. पण त्यांची काही व्यावसायिक यंत्रं एलपी वाचतच नाहीत हे आधी विचारून घ्या.

कॅमेरा कुठलाही असो, पहिली कॅसेट टाकाऊ घाला. कुणाच्या तरी घरातली, गेली तरी चालेल अशी. ती नीट आत गेली, चालली, बाहेर आली की मगच तुमची. सोनीच्या कॅमेऱ्यावर 'सी:२१'नं सुरू होणारा आकडा आला तर आत दमट वाफ धरलीय. कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबायचं. 'सी:२२' म्हणजे हेड घाण झालंय, कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवायची, जास्त नाही, ती हेड घासते. 'सी:३१' किंवा 'सी:३२' आलं तर यंत्रणा अडकलीय. कॅसेट काढा, पॉवर तोडून पुन्हा जोडा, आणि तरीही तेच आलं तर तो कॅमेरा सोडून द्या. ओढाताण केली की फीत आतल्या चक्रीत गुंतते आणि मग ती कापूनच काढावी लागते. हे सगळं दिवाळीनंतर आणि वळवाच्या आत उरका. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे काम काढूच नये.

संगणकात घेताना लोक हमखास चुकतात ते तारेपाशी. बाजारात पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली स्वस्त यूएसबी कांडी मिळते. ती वापरू नका. कॅसेटवरचं चित्र मुळातच डिजिटल आहे. त्या कांडीतून नेलं की ते आधी अॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि दोन्ही वेळा झिजतं. कॅमेऱ्यावर 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं चार टोकांचं छोटं भोक असतं, ते फायरवायर. त्याची तार आणि डेस्कटॉपमध्ये बसणारं फायरवायर कार्ड घ्या, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं, बाकीच्यांचा भरवसा नाही. विंडोजवर कार्ड दिसतं पण कॅमेरा दिसत नाही अशी तक्रार आली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच कार्डाचा 'लेगसी' ड्रायव्हर निवडून बघा, बहुतेक वेळा तिथंच अडलेलं असतं. नवा मॅक या कामाला घेऊ नका. विनडीव्ही हा फुकट प्रोग्रॅम पुरतो, लिनक्सवाल्यांना डीव्हीग्रॅब. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. जागा तासाला १३ जीबी. कॉपी चालू असताना संगणकावर दुसरं काही करू नका, तार ओढली जाणार नाही अशी ठेवा आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा (गळलेल्या चित्रांचा) आकडा शून्य राहतोय ना ते बघत राहा.

फायरवायरचा दुसरा फायदा तुमच्या भांडणाशी जोडलेला आहे. मिनीडीव्हीच्या फितीवर चित्राबरोबर प्रत्येक क्षणाची तारीख आणि वेळही लिहिलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही. कॅमेऱ्याचं 'डेटा कोड' बटण दाबलं की दिसते, आणि फायरवायरनं घेतलेल्या फाइलमध्येही राहते. कांडीतून घेतलंत तर ती गेली. म्हणजे ही कॅसेट १ फेब्रुवारी २००८ची की १७ मार्च २००७ची हे कुणाच्या शपथेवर अवलंबून नाही, फक्त घड्याळ बरोबर लावलेलं असायला हवं. कॅमेरा काही महिने पडून राहिला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि तारीख भलतीच होते. तारीख चुकीची असली तरी अंतरं खरी असतात. दोन तुकड्यांमध्ये चौदा मिनिटांची फट दिसली तर तेवढा वेळ कॅमेरा बंद होता हे पक्कं. (तो आत नेला कसा, हे आम्ही विचारत नाही.)

२००८च्या दौऱ्यात अशी फट कुठं पडली असेल याचा अंदाजही बांधता येतो. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे गाणं एकटंच तेरा मिनिटांहून मोठं आहे, आणि त्याच्या मधल्या भागात वाद्यं जवळजवळ थांबतात. बॅटरी वाचवणारा माणूस तिथंच कॅमेरा बंद करतो.

आता आवाज. कॉन्सर्टच्या ढणढणाटात हँडीकॅमचा माइक फाटतो. ते फाटणं कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून निघत नाही, आणि भरून काढायचा हट्टही धरू नका. कॅमेऱ्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. ड्रम वाजला की ती माइक दाबते, गाणं थांबलं की हळूहळू उघडते. म्हणून दोन गाण्यांच्या मधल्या सात-आठ सेकंदांत गर्दीचा आवाज लांब जातो आणि माइकच्या सगळ्यात जवळचा माणूस स्पष्ट ऐकू येतो. सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे कॅमेरा धरलेला. चित्रात तो एकदाही दिसणार नाही, पण "आरं भावा, हिकडं सरक की" हे कुणी म्हटलं तर ते त्यानंच. नॉइज रिडक्शन लावलंत की सगळ्यात आधी हेच आवाज 'गोंगाट' म्हणून पुसले जातात. मूळ फाइलला हात लावू नका. जे काही गाळायचं ते प्रतीवर, तेही हात राखून. फाइल तपासताना आवाज ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट असा दिसला तर घाबरू नका, त्या कॅमेऱ्यांची तशी सेटिंग असायचीच.

फाइल हातात आली की तिघांकडे तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक कोल्हापूरबाहेर. तुमच्यातला कुणी पुण्याला असेल तर त्याच्याकडे. दोन्ही डिस्क नदीच्या बाजूच्या तळमजल्यावर असतील तर ती एकच प्रत समजा. २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

सीडी लेखणीनं खरवडू नका, वरचं लेबल सोलू नका. संगणकात घालून फोटो एकेक कॉपी करण्यापेक्षा अख्ख्या सीडीची इमेज (एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) काढा, अडकली तर वेग कमी करून पुन्हा, किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. फोटोच्या आत काढल्याची वेळ नोंदलेली असते, ती फाइलच्या बाहेरच्या तारखेपेक्षा विश्वासाची. फोनची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, मेमरी कार्ड काढून रीडरमध्ये वाचा. त्यातली चित्रफीत आगपेटीएवढी आणि आवाज टेलिफोनसारखा निघेल, कारण त्या फोनमध्ये आवाज ८ किलोहर्ट्झनंच घेतला जायचा. बेस गिटार त्यात सापडणार नाही. शोधू नका.

आता भांडणाकडे. त्याचा निकाल सोपा आहे, पण तो मित्रांना लगेच सांगू नका. कारण पुढं येईल.

बेंगळुरूची पॅलेस ग्राउंडवरची कॉन्सर्ट १७ मार्च २००७ची. तो दौरा २००६मध्ये आलेल्या 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' या अल्बमचा, आणि 'डिफरंट वर्ल्ड' हे त्याच अल्बमचं पहिलं गाणं. तिथं सुरुवात त्यानंच झाली. मुंबईची १ फेब्रुवारी २००८ची रात्र म्हणजे 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जागतिक दौऱ्याचा पहिलाच प्रयोग. तो दौरा मुद्दाम ऐंशीच्या दशकाचा होता. नेपथ्य १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमच्या इजिप्शियन धर्तीचं, सुरुवातीला चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत आणि तिला चिकटून 'एसेस हाय'. १९९२चं 'फिअर ऑफ द डार्क' सोडलं तर यादीतलं एकही गाणं ऐंशीच्या दशकानंतरचं नव्हतं, मग २००६चं कुठून येणार? तुमचा मित्र खोटं बोलत नाही. तो बेंगळुरूला गेलेल्या दोघांपैकी असणार. 'द ट्रूपर', 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'फिअर ऑफ द डार्क', 'आयर्न मेडन' ही गाणी दोन्ही रात्री झाली, आणि अशी सारखी गाणी दोन आठवणींना शिवण घालतात. एकीचं तोंड दुसरीला लागलंय, एवढंच.

याचा पुरावा विकतही मिळतो. २००९मध्ये आलेल्या 'फ्लाइट ६६६' या लाइव्ह अल्बममध्ये प्रत्येक गाणं दौऱ्यातल्या वेगळ्या शहरातलं घेतलंय, आणि 'एसेस हाय' आहे ते मुंबईतलं, तुमच्याच रात्रीचं. म्हणजे कॅसेटवर ते गाणं असेल तर तोच श्वास, तेच ड्रमचे ठोके दोन ठिकाणांहून ऐकायला मिळतील. एकदा बँडच्या मिक्सरमधून, एकदा तुमच्या मित्राच्या हातातून. दोन्ही एकत्र लावायची असतील तर पहिल्या ड्रमच्या ठोक्यावर जुळवा. गाणं संपेपर्यंत किंचित फरक पडेल, कारण दोन यंत्रांची घड्याळं वेगळी. मधे कुठंतरी एकदा पुन्हा जुळवलं की झालं.

हे सगळं मित्रांपासून दडवायचं का, तर आठवणी उतरवून व्हायच्या आहेत म्हणून. सगळे एकत्र बसून आठवायला लागले की एकूण कमी आठवतं, जास्त नाही. मोठ्यानं बोलणारा आपली वाट पाडतो, बाकीचे तिच्यावरून चालतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यातलं वेगळं काहीतरी बोलायचंच राहून जातं. आणि एकदा यादी किंवा व्हिडिओ पाहिला की मेंदू आपल्या आठवणी त्याबरहुकूम दुरुस्त करतो. मग मूळ काय होतं ते परत मिळत नाही. म्हणून कॅसेट डिजिटल करणाऱ्यानं तोंड बंद ठेवावं आणि त्याच्यासकट सगळ्यांनी, एकमेकांशी न बोलता, आपापलं आधी लिहावं. अर्धा तास, हातानं. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून, पण पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर, आणि मिसळीच्या दुकानात नको.

गाण्यांवर प्रश्न विचारू नका, गाणी सगळ्यांना यूट्यूबवरून पाठ आहेत. हे विचारा: गाडीत कोण कुठल्या बर्थवर होता? दादरला उतरलात की पुढं? मैदानात डाव्या हाताला आपल्यातला कोण उभा होता? पायात काय होतं? पाणी कुठं मिळालं, कितीला? कान किती दिवस वाजत होते? येताना कोण झोपला, कोण बोलत राहिला? घरी काय सांगून गेला होतात? प्रश्न उघडा ठेवा. "तो नाचायला लागला तेव्हा तू हसलास ना?" असं विचारलंत की उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत.

प्रत्येक वाक्यापुढं एक खूण करायला सांगा. 'स्व' म्हणजे स्वतः पाहिलं, 'ऐ' म्हणजे नंतर कुणाकडून ऐकलं, 'प' म्हणजे पडद्यावर पाहिलं. हा 'प' सगळ्यात फसवा. याच दौऱ्यावर त्याच 'फ्लाइट ६६६' नावाचा माहितीपट आहे, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं बोइंग ७५७ विमान चालवतो तो. तो तुम्ही सगळ्यांनी दहादा पाहिला असणार. स्टेजच्या मागून गर्दी दिसल्याचं कुणाला आठवत असेल तर ती आठवण त्याची नव्हे. तो गर्दीत होता.

पाचही कागद जमले की मग एकत्र बसा, यादी काढा, कॅसेट लावा. भांडायचं असेल तर आता भांडा. विसंगती खोडू नका. पाच जणांनी मित्राच्या अंगावर पाच रंगांचे टी-शर्ट घातले असतील तर पाचही तसेच राहू द्या, खालच्या ओळीत कॅसेटवर किंवा फोटोत काय दिसतं ते लिहा.

तिकिटांचं थोडक्यात. अक्षरं फिकी पडत असतील तर तो बहुतेक उष्णतेनं अक्षरं उमटणारा कागद आहे. लॅमिनेशनला दिलंत तर गरम रोलरखालून तिकीट पूर्ण काळं होऊन येईल, आणि ते उलटवता येत नाही. सेलोटेपही नको. आधी ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, रंगीतच, कारण फिकी अक्षरं बऱ्याचदा एखाद्याच रंगाच्या थरात नीट दिसतात. मग पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या पिशवीत घालून अंधारात ठेवा. अल्बमच्या मऊ, वासाच्या प्लास्टिकमध्ये नको, त्यातलं तेल शाई खातं.

टी-शर्ट धुवायचा मोह टाळा. धुवावाच लागला तर उलटा करून, गार पाण्यात, हातानं, पिळल्याशिवाय, सावलीत आडवा पसरून. छाप प्लास्टिकच्या शाईची असते. घडी घातली की छापावर छाप येते, उन्हाळ्यात चिकटते, आणि उलगडताना एडीचा (बँडच्या चित्रातल्या त्या भुताचा) निम्मा चेहरा सोलून निघतो. मधे मलमलचं कापड घालून गुंडाळून ठेवा, पत्र्याच्या ट्रंकेत नको. डांबराच्या गोळ्या तर नकोतच. डब्यात सिलिका जेल टाका. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात छोटं आर्द्रतामापक टाकलंत तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा, ६५च्या वर गेला की बुरशी हातपाय पसरते.

संध्याकाळ कधी करायची? १ फेब्रुवारी २०२८ला मंगळवार येतो. २९ जानेवारीचा शनिवार बरा. प्रोजेक्टर भाड्यानं आणू नका. ही चित्रफीत ५७६ रेघांची, भिंतीवर ताणली की नुसती दलदल दिसते. ४३ इंची टीव्ही पुरे, आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या, चित्र ताणून सगळ्यांना जाडं करू नका. दाखवायची प्रत करताना 'डीइंटरलेस' करा (एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, सुटी करून पूर्ण चित्रं बनवा), सेकंदाला ५० फ्रेम ठेवून. फील्डचा क्रम 'खालचा आधी' असाच निवडा, उलटा पडला तर हात हलताना दोनदा मागं-पुढं होतो आणि सगळ्यांचं डोकं दुखतं. 'एसेस हाय' आधी अल्बमवरून चांगल्या स्पीकरवर मोठ्यानं, मग कॅसेटवरचं, आवाज निम्म्यावर आणून. अख्खी कॅसेट सलग दाखवू नका, पोरं उठून जातील. पंचवीस मिनिटं भरपूर झाली.

हे सगळं घरात, आपल्या माणसांत आहे तोवर परवान्याची भानगड नाही. स्वतःपुरतं केलेलं रेकॉर्डिंग कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९मध्ये बसतं. पण हॉल घेऊन तिकीट लावलंत, किंवा चित्रफीत इंटरनेटवर टाकलीत, तर ते 'स्वतःपुरतं' राहत नाही. कलाकाराचा हक्क प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो.

आणि त्या शनिवारच्या आधी एक काम. तुमच्यापैकी एकानं अख्खी कॅसेट बघून वहीत नोंद करावी: कितव्या मिनिटाला काय. मग वहिनींना जाऊन सांगावं की यात अमुक मिनिटांपासून त्याचा आवाज आहे, अमुक ठिकाणी घरचं काही आहे. त्यांना ते आधी एकट्यानं बघायचं असेल. पाच जणांसमोर पहिल्यांदा ऐकायला लावू नका. त्यांच्यासाठी वेगळी प्रत करा: घरगुती भाग एका फाइलमध्ये, कॉन्सर्ट दुसरीत, आणि गाण्यांच्या मधले त्याच्या बोलण्याचे तुकडे तिसरीत. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात, सेकंदाला साधारण ५ मेगाबिटनं, तासाची फाइल सव्वादोन जीबीची होते. पेनड्राइव्ह एफएटी-३२ करून द्या आणि एकही फाइल ४ जीबीच्या वर जाऊ देऊ नका, तो प्रकार तेवढी मोठी फाइल ठेवूनच घेत नाही. देण्याआधी त्यांच्याच घरच्या टीव्हीला लावून चालते ना, ते बघून या.